तीरकमठ्यासाठी ओंडका फाडून स्टेव्ह कशी काढायची, मुंबईत राहून

फर्निचरवाल्याकडून सहा फुटी पट्टी कापून आणली, घासून गुळगुळीत केली, दोरी चढवली आणि अर्धी ओढल्याबरोबर काडकन दोन तुकडे, हे ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांच्यासाठी खास लिहितोय. माझ्या पहिल्या दोन धनुष्यांचं हेच झालं होतं. लाकूड वाईट नव्हतं, पट्टी करवतीने कापलेली होती हा प्रॉब्लेम होता. झाडाचे धागे खालून वर जाताना सरळच जातील असं नसतं, थोडे वळतात, गाठ आली की वळसा घालतात, आणि करवतीला त्याचं काही घेणंदेणं नसतं, ती आपली सरळ रेषेत धागे कापत जाते. धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू, म्हणजे बाण मारताना जी टार्गेटकडे असते ती पाठ, पूर्ण ताणाखाली येते, आणि जिथे धागा कापलेला असेल तिथे आधी एक बारीक चिलपी उचलली जाते आणि लगेच मोडतं. आतली बाजू, तिला आपण पोट म्हणू, ती दाबली जाते आणि ती बरंच सहन करते. पाठ करत नाही.

म्हणून लाकूड कापायचं नाही, फाडायचं. पाचर ठोकून उभं फाडलं की तडा धाग्यांच्या मधूनच पळतो, त्यांना तोडत नाही. पट्टीची धनुष्यं होतच नाहीत असं माझं म्हणणं नाही, एकदम सरळ रेषांची पट्टी शोधून काढली तर होतात, पण तशी पट्टी ओळखायला आधी नजर तयार व्हायला लागते आणि ती नजर ओंडका फाडूनच येते असा माझा अनुभव आहे. अशा फाडलेल्या लांब चिरफाळीला धनुष्य बनवणारे स्टेव्ह म्हणतात, मी पण तोच शब्द वापरतो.

ओंडका मिळवणं

सगळ्यात आधी कायद्याचं, कारण ह्यात चूक करू नका. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, आपल्याच सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि नॅशनल पार्कातून तर पडलेली काटकीही उचलायची नाही. मग लाकूड येतं कुठून? पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मे मध्ये, शहरभर फांद्यांची छाटणी चालू असते, आणि वादळात झाडं पडतात. जे काम करत असतात त्यांना आणि ज्यांची जागा आहे त्यांना विचारायचं, नीट विचारलं तर बहुतेक वेळा देतात.

माझा पहिला चांगला ओंडका तौक्ते वादळातला, मे २०२१. मुलुंडला आमच्या मागच्या भिंतीलगतची सुबाभूळ आडवी झाली होती, माणसं आली तेव्हा ती भराभर दोन-दोन फुटाचे तुकडे करत होती कारण टेम्पोत भरायला तेच बरं पडतं. मी धावत खाली गेलो आणि म्हटलं, "दादा, हा खालचा सरळ भाग तेवढा अखंड राहू द्या, सहा-साडेसहा फूट." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खोडाकडे, आणि पुढचा कट तिथून दीड हात लांब घेतला. ते बोलले नसते तर चाललं असतं पण बोलले, "गाठ सोडून देतो तुला." खरंच गाठीच्या वर कापलं. झाडावर रोज कुऱ्हाड चालवणाऱ्या माणसाला लाकूड कळतं, त्याच्याशी बोला.

नाहीच मिळालं तर रे रोड, दारुखान्याकडे लाकडाच्या वखारी आहेत, पण तिथे बहुतेक माल आधीच चिरलेला असतो, अख्खा गोल ओंडका पाहिजे असं स्पष्ट सांगा.

कुठलं झाड

पुस्तकात धनुष्यासाठी जी झाडं लिहिलेली असतात, यू, ऑसेज ऑरेंज, हिकरी, ती आपल्याकडे नाहीत, त्यांच्या मागे लागू नका. आपल्या सह्याद्रीतलं ह्या कामाचं झाड म्हणजे धामण. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष म्हणतात, कावडीचे दांडे, कुऱ्हाडीचे दांडे तिचेच करायचे कारण वाकते आणि परत सरळ होते. कोणाचं गाव कोकणात असेल, स्वतःच्या जागेत धामण असेल आणि रीतसर परवानगी घेऊन फांदी निघत असेल तर ती सोडू नका. मुंबईत मिळण्यासारखं म्हणजे सुबाभूळ आणि बाभूळ. सुबाभूळ मी शिकणाऱ्याला पहिली सांगतो, भरपूर आहे, ओली असताना सरळ फाटते, आणि पुरेशी टणक आहे. बाभूळ जड आणि दणकट पण अखंड सरळ सहा फूट मिळणं नशिबाची गोष्ट.

गुलमोहर, पांगारा, शेवगा, सावर हे नको, ठिसूळ नाहीतर मऊ. रेन ट्री आणि कडुलिंबाचे धागे एकमेकात अडकलेले असतात, एक थर डावीकडे कलतो पुढचा उजवीकडे, त्यामुळे पाचर ठोकत बसाल आणि शेवटी हातात सगळा ओबडधोबड फाटलेला माल येईल.

बांबूचं वेगळं प्रकरण आहे आणि त्याचा मान मोठा आहे. भिल्लांचा कामठा बांबूचाच, दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. पण त्याचं फाडणं, सुकवणं, कीड ह्या सगळ्याचे नियम वेगळे, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

ओंडका वाचायचा कसा

लांबी कमीत कमी सहा फूट. मोठ्या माणसाचं धनुष्य साधारण साडेपाच फुटाचं धरा, वर दोन्ही टोकांना मिळून चार-सहा इंच जास्तीचे लागतातच कारण टोकं तडकतात. जाडी सहा ते आठ इंच असेल तर उत्तम, चार स्टेव्ह निघतात. तीन-चार इंचाची फांदी पण चालते, पण तिची पाठ जास्त गोल येते आणि सगळा ताण मधल्या अरुंद पट्ट्यावर पडतो, नवीन माणसाने टाळलेली बरी.

आता सालीकडे बघा, आणि घाई न करता बघा. सालीवरच्या भेगा सरळ खालून वर जातायत का तिरक्या फिरत फिरत जातायत? तिरक्या असतील तर आतला धागाही तसाच पिळलेला आहे हे धरून चाला. सहा फुटात थोडासा पीळ चालतो, पण पाव वर्तुळ फिरत असेल तर तो ओंडका चुलीचा. सालीवर कुठे फुगवटा किंवा डोळ्यासारखी खूण दिसली तर खाली गाठ आहे, जुनी फांदी होती तिथे. गाठी सगळ्या एका बाजूला असतील तर हरकत नाही, ती बाजू बाद करून दुसरीकडच्या दोन स्टेव्ह काढू.

आडव्या वाढलेल्या फांदीबद्दल एक, अशा फांदीत वरची आणि खालची बाजू आतून वेगवेगळ्या ताणात असते, फाडल्या फाडल्या ती केळ्यासारखी वाकू शकते. सरळ उभ्या खोडाचा तुकडा मिळत असेल तर तोच घ्या.

सामान

तीन-चार लोखंडी पाचरी, पाच-सहा पौंडाचा घण, एक हातकुऱ्हाड किंवा चांगला कोयता, आणि बाभळीच्या किंवा कुठल्याही टणक लाकडाच्या चार-पाच लाकडी पाचरी, त्या स्वतःच कोयत्याने तासून करा. पाचरी आणि घण नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. जुन्या पाचरीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलेलं असेल तर ते आधी ग्राइंडरवर घासून घ्या, ह्या कडेचा लोखंडी कपचा गोळीसारखा उडतो. डोळ्यावर गॉगल कंपल्सरी, पायात बूट. आणि हे काम जमिनीवरच, गच्चीत किंवा चौथ्या मजल्याच्या गॅलरीत नाही, स्लॅबला आणि खालच्या काकूंना दोघांनाही त्रास.

फाडणं

लाकूड ओलं असताना फाडा. शक्यतो तोडल्यापासून आठवड्याच्या आत. ह्याचं कारण समजून घ्या म्हणजे आळस होणार नाही. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण आडवं आकसतं, आणि त्यातही गोलाईच्या दिशेने जेवढं आकसतं ते मध्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. अख्खा गोल ओंडका तसाच ठेवला तर बाहेरचा घेर आकसायला बघतो आणि आतला भाग त्याला आकसू देत नाही, मग तो कुठेतरी स्वतःच तडकतो, जिथे आपल्याला नको तिथे. अर्धा-पाव करून टाकला की त्याला हलायला जागा मिळते.

ओंडक्याचं टोक बघा. मधोमध छोटा ठिपका असतो, तिथून बारीक केसासारख्या चिरा बाहेर गेलेल्या दिसतील. सगळ्यात मोठी चीर कुठली ते बघून तिच्याच रेषेवर, ठिपक्यातून आरपार जाईल अशी, पहिली फाड ठरवा. आपल्या मनाने रेष आखू नका, लाकडाने आधीच ठरवलंय ते कुठे उघडणार. फक्त गाठी ह्या रेषेवर येतील अशी ओंडक्याची बाजू मिळाली तर दुधात साखर, कारण मग गाठ कडेला जाते आणि स्टेव्हच्या पाठीवर येत नाही.

ओंडका जमिनीवर आडवा, दोन्ही बाजूंना विटा किंवा लाकडाचे तुकडे लावून हलणार नाही असा ठेवा. टोकाच्या चिरेवर एक पाचर, हलक्या हाताने दोन-तीन ठोके, ती धरली की दुसरी पाचर त्याच रेषेवर ठिपक्याच्या पलीकडे. आता आलटून पालटून ठोका. दोन ठोके इथे, दोन तिथे. एका पाचरीवर राग काढत बसू नका. थोड्या वेळाने घणाचा आवाज बदलतो, आधी टण्ण टण्ण येत असतो तो भरीव होतो, आणि मग ओंडक्याच्या आतून एक बारीक कर्रर्र असा आवाज यायला लागतो. तो आला की थांबा. खरंच थांबा, घण खाली ठेवा आणि ऐका, तडा अजून अर्धा मिनिट आपला आपण चालत असतो. ओल्या लाकडाचा वास ह्याच वेळी अंगावर येतो.

वरून बघितलं तर सालीवर चीर दिसायला लागलेली असेल, जिथपर्यंत पोचली असेल तिथून थोडं अलीकडे पुढची पाचर उभी लावा आणि ठोका. ती आत गेली की मागची सैल होते, ती काढून आणखी पुढे. असं पाचरी पुढे पुढे नेत शेवटपर्यंत जायचं. लोखंडी पाचर संपली तर फटीत लाकडी पाचर ठोकून फट उघडी ठेवा. मधे काही धागे ह्या अर्ध्यातून त्या अर्ध्यात पुलासारखे आडवे गेलेले दिसतील, ते कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने कापा, हाताने ओढून वेगळं करायला जाल तर स्टेव्हच्या अंगातून लांब सालपट निघून जाईल. आणि फटीत बोटं घालायची नाहीत, पाचर निसटली तर फट मिटते, क्षणात मिटते.

अर्धे झाले की त्याचे परत अर्धे. नेहमी समसमान. हा नियम मी नवीन लोकांना दोनदा सांगतो कारण सगळ्यात जास्त लाकूड इथे वाया जातं: दोन्ही बाजूंना सारखं लाकूड असेल तर तडा मधून सरळ जातो, एक बाजू बारीक असेल तर तडा हळूहळू त्या बारीक बाजूकडे सरकतो आणि मधेच बाहेर पडतो. चार फुटावर स्टेव्ह संपते. सरकायला लागलाय असं दिसलं की जाड बाजूवर वजन देऊन तिला वाकवायचं, तडा जास्त वाकणाऱ्या बाजूकडे वळतो, म्हणून जाड बाजू वाकवली की तो परत मध्याकडे येतो. पायाने एक बाजू दाबून धरायची, जाड बाजू हाताने उचलायची. डहाणूकडे एका वारली काकांना मी बांबू फाडताना बघितलं होतं, ते कोयता जेमतेम हलवत होते, सगळं काम दुसऱ्या हाताच्या दाबाने चाललं होतं, जरा तडा कलला की तो हात वळायचा. लाकडाला जोर जास्त लागतो पण तत्त्व तेच आहे.

सहा इंची ओंडक्याचे चार करून थांबा. हावरटपणाने आठ करायला जाऊ नका, स्टेव्ह रुंदीला अडीच-तीन इंच हवी.

साल आणि टोकं, त्याच दिवशी

उद्यावर ढकलू नका. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकांतून कित्येक पटीने वेगात जातं, त्यामुळे टोक आधी आकसतं आणि फाटतं, आणि ती फाट रोज थोडी आत येते. दोन्ही टोकांना फेविकॉलचे दोन जाड थर, किंवा घरात उरलेला ऑइल पेंट, किंवा वितळवलेलं मेण, काहीही चालेल पण जाड लावा आणि टोकाला लागून दोन इंच अंगावरही आणा.

सालीचं. थंड देशातले लोक साल ठेवून सुकवतात, मुंबईत मी ते करत नाही. आपल्या हवेत सालीखाली ओल धरून राहते, बुरशी येते, आणि लाकूड पोखरणारी बरीच कीड सालीत किंवा सालीखाली अंडी घालते. ताज्या लाकडाची साल सहज निघते, टोकाला कोयत्याने उचलून हाताने लांब पट्टे ओढायचे. खाली जो ओलसर, गुळगुळीत, पांढुरका पृष्ठभाग दिसतो ना, तीच तुमच्या धनुष्याची पाठ. झाडाने स्वतः बनवलेला अखंड थर आहे तो. तिथे कोयत्याचं टोक लागू द्यायचं नाही, नखाएवढी खाचही पुढे महागात पडते. साल चिकटून राहिली असेल तर धार न वापरता लाकडाच्या बोथट तुकड्याने खरवडा. साल निघाली की लगेच पाठीलाही फेविकॉलचा पातळ थर, नाहीतर पाठीवर बारीक चिरा पडतात.

बाजू आणि पोट मात्र उघडं ठेवा, पाणी जायला वाट पाहिजे. पोटाकडचा टोकदार भाग, जिथे तो मधला ठिपका होता, तो कुऱ्हाडीने तासून टाका म्हणजे स्टेव्ह साधारण दोन इंच जाड राहील. जाड लाकूड वर्षानुवर्षं आतून ओलं राहतं.

सुकवणं

मुंबईकराचं खरं काम इथे सुरू होतं. ओल्या लाकडाचं धनुष्य तुटत नाही पण वाक धरतं, दोरी काढली तरी वाकलेलंच राहतं आणि बाणात जोर येत नाही. धनुष्याला लाकडात साधारण ९-१० टक्के ओल लागते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्या हवेत लाकूड १६-१७ टक्क्यांच्या खाली उतरतच नाही, कितीही महिने ठेवा. डिसेंबर-जानेवारीत ११-१२ पर्यंत येतं. म्हणजे मे महिन्यात फाडलेली स्टेव्ह पुढच्या जानेवारीच्या आधी हातात घेऊ नका. मला माहितीये हे ऐकायला बरं वाटत नाही.

कडक उन्हात गच्चीवर ठेवायची नाही, मे महिन्याच्या उन्हात एका दुपारी तडकते. घरात, जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब, दोन-तीन आडव्या काठ्यांवर सरळ झोपवून ठेवा. पलंगाखाली ठेवली तर हवा लागत नाही, पोटमाळा चांगला, पण बाथरूमवरचा माळा नको. भिंतीला टेकवून तिरकी उभी करू नका, तशीच वाकडी सुकते. जून ते सप्टेंबर ज्या खोलीत रात्री एसी चालतो तिथे जागा झाली तर सोनं, एसी हवेतली ओल ओढून घेतो.

सुकली हे कळतं वजनाने. बॅगा मोजायचा लटकता काटा घ्या, स्टेव्हवर मार्करने तारीख आणि वजन लिहा, दर पंधरा दिवसांनी परत. त्या तौक्तेवाल्या सुबाभळीची एक स्टेव्ह पहिल्या दिवशी ५.४ किलो होती, ऑगस्टमध्ये ४.१ वर अडकली आणि मला वाटलं झालं. नव्हतं झालं, बाहेरच्या हवेएवढी ओल आली होती फक्त. नोव्हेंबरमध्ये परत उतरायला लागली आणि जानेवारीत आणखी खाली येऊन थांबली. म्हणून वजन थांबलं एवढंच बघायचं नाही, कुठल्या महिन्यात थांबलं ते बघायचं. शेवटचे दोन टक्के काढायला मी तिला तीन आठवडे एसीच्या खोलीत ठेवलं. पिनवाला मॉइश्चर मीटर असेल तर छान, पण तो वरवरचं सांगतो, काटा आतलं सांगतो.

ह्या काळात आठवड्यातून एकदा खाली पिठासारखा बारीक भुसा पडलाय का बघा. पडला असेल तर आत कीड आहे, ती स्टेव्ह लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा आणि घराबाहेर काढा, नाहीतर बाकीच्यांना लागते आणि घरातल्या फर्निचरलाही.

हातात घेण्याआधी

सुकलेल्या स्टेव्हला बोटाच्या सांध्याने ठोकून बघा. ओली थपथप वाजते, सुकलेली खणखणीत. मग खिडकीशी उजेडात पाठ तिरकी धरून एका टोकाकडून दुसरीकडे बघा, धाग्याच्या बारीक रेषा दिसतील. मधली रेष आखताना टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून सरळ आखू नका, पेन्सिल त्या बारीक रेषांवरून चालवा, रेषा जिथे डावीकडे झुकते तिथे पेन्सिलही झुकली पाहिजे. धनुष्य थोडं नागमोडी दिसेल, दिसू द्या, मारायला फरक पडत नाही.

चारपैकी सगळ्यात चांगली स्टेव्ह आधी घेऊ नका. दुसऱ्या नंबरची घ्या, चांगली परत माळ्यावर ठेवा, तारखेसकट.